विधवा प्रथाबंदीचे ठराव आणि सरपंचाच्या मनातली भीती

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विधवा प्रथाबंदीच्या ठरावांचे पुढे काय झाले, याचा आपल्या दैनिकातील आढावा नुकताच वाचला. ठराव झालेल्या अनेक गावांत आजही नदीकाठी बांगड्या फुटतात, कुंकू पुसले जाते आणि ठरावाची प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून राहते, हे त्यातील निरीक्षण खरे आहे. मात्र गावांनी केवळ सत्कारासाठी आणि छायाचित्रांसाठी ठराव केले, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटला नाही. मी पाच वर्षे एका लहान गावाची सरपंच होते आणि माझी मुदत नुकतीच संपली आहे. ठराव आणि वागणूक यांच्यामध्ये जे अंतर पडते त्यात ढोंगापेक्षा भीतीचा वाटा मोठा असतो आणि त्या भीतीची सुरुवात बहुतेक वेळा पुढारपण करणाऱ्याच्या मनात होते, हे मी स्वतःवरून सांगू शकते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, पण जमल्यास न कापता छापावे, ही विनंती.

हेरवाडची हकीकत वाचकांना ठाऊक आहे, तरीही तिचे काही तपशील पुन्हा सांगते, कारण माझे पुढचे म्हणणे त्यांवरच उभे आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील या गावाने मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात, राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला ६ मे रोजी शंभर वर्षे पूर्ण होत असताना, पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे आणि तिला सणासमारंभापासून दूर ठेवणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ठरावाच्या सूचक आणि अनुमोदक दोघीही महिला होत्या. त्याआधीच्या दोन वर्षांत करोनाने कितीतरी कर्ते पुरुष नेले होते आणि ऐन पंचविशी-तिशीतल्या बायका पांढऱ्या कपाळाने घरात बसलेल्या गावोगाव दिसत होत्या. राज्याच्या ग्रामविकास विभागाने १७ मे रोजी परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे, असे आवाहन केले. एका ग्रामसभेतून निघालेली गोष्ट पंधरवड्याच्या आत राज्यभर पोहोचली. बातमी पोहोचली, असे म्हणणे अधिक अचूक होईल. बातमी ज्या वेगाने पसरते त्या वेगाने वागणूक पसरत नाही, हे मला पुढे कळले.

ते परिपत्रक ग्रामसेवकांनी जूनमध्ये माझ्यासमोर ठेवले. मी ते वाचले, ‘पुढच्या ग्रामसभेत घेऊ’ असे म्हणाले आणि फायलीला लावायला सांगितले. त्यानंतर १५ ऑगस्टची ग्रामसभा झाली, २ ऑक्टोबरची झाली, पण तो विषय मी विषयपत्रिकेवर येऊ दिला नाही. ग्रामसेवकांनी दोनदा आठवण केली आणि दोन्ही वेळा मी पाणीपुरवठ्याचे आणि वित्त आयोगाच्या निधीचे विषय पुढे केले. कुणी कारण विचारले असते, तर ‘गाव अजून तयार नाही’ असे उत्तर मी दिले असते आणि ते देताना मला ते खरेही वाटले असते. घाबरलेल्या पुढाऱ्याला हे वाक्य फार सोयीचे असते, कारण आपली भीती त्याला गावाच्या नावावर टाकता येते.

मला विरोधी पॅनेलची भीती नव्हती; पॅनेलशी भांडायची सवय पहिल्या सहा महिन्यांतच होते. माझी भीती घरातली होती. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्यांना वैधव्य येऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती. हा ठराव मांडला तर आपण बावीस वर्षे जे सोसले ते सारे फुकट होते असे सून चारचौघांत म्हणते आहे, असे त्यांना वाटेल, या विचाराने माझा जीव आक्रसत असे. थोरल्या दिरांच्या शब्दावर आमची भावकी चालते, त्यांना हे रुचणार नाही, हे मी गृहीत धरले होते. मुलगी लग्नाच्या वयात येत होती; तिच्या स्थळांना कुणीतरी ‘यांच्या घरात रीतभात नाही’ असे सांगेल, ही एक धास्ती होती. या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक भीती होती, जी मी कितीतरी वर्षे स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. जिचा नवरा गेला आहे तिच्या कपाळाला मी आपल्या हाताने कुंकू लावले, तर माझ्या कुंकवाला काहीतरी होईल, असे मला आत कुठेतरी वाटत होते. मी पदवीधर आहे. शाळेच्या कार्यक्रमांत अंधश्रद्धेविरुद्ध बोलले आहे. तरीही वटपौर्णिमेला वडाजवळ एखादी विधवा बाई समोर आली की माझा पाय नकळत बाजूला पडत असे, आणि तो तसा पडतो हे मला ठाऊक होते.

त्या वर्षी कार्तिकात आमच्या गावातील एक तरुण अपघातात गेला. त्याची पत्नी एकोणतीस वर्षांची होती. नदीवर बायकांच्या गर्दीत मीही उभी होते. तिच्या बांगड्या फोडायला दगड उचलला गेला तेव्हा तिच्या नणंदेने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचा अर्थ मला लगेच कळला, कारण परिपत्रकाची बातमी तोवर गावात सगळ्यांना ठाऊक होती. मी मान खाली घातली. बांगड्यांची काच तिच्या मनगटात गेली होती. पुढे कित्येक दिवस जेवताना माझे लक्ष स्वतःच्या मनगटाकडे जात असे.

पुढारी माणसाची खरी कसोटी घरात लागते, याचे महाराष्ट्राला परिचित असलेले उदाहरण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे आहे. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळात विष्णुशास्त्री पंडितांबरोबर रानडे होते. शास्त्राधार देऊन लिहिण्यात आणि वादात उभे राहण्यात ते कुठे कमी पडले नाहीत. १८७३ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. आता ते स्वतः विधवेशी विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. पुढे तीच मुलगी रमाबाई रानडे म्हणून स्वतःच्या कर्तृत्वाने उभी राहिली. तिला शिकवण्यासाठी रानड्यांनी घरातल्या बायकांचा रोष पत्करला, हेही नोंदवायला हवे. त्यांना भित्रे म्हणण्याचा मला काय अधिकार! पण शेकडो पाने लिहून जे होणार नव्हते ते त्या एका लग्नाने झाले असते, आणि ते न झाल्यामुळे ‘रानड्यांनासुद्धा जमले नाही’ हे वाक्य पुढची कितीतरी वर्षे सनातन्यांना आयते मिळाले, हे नाकारता येत नाही. पुढाऱ्याने जे केले त्याचा जसा प्रभाव पडतो तसाच त्याने जे टाळले त्याचाही पडतो, आणि टाळलेल्या गोष्टीचा प्रभाव अधिक सहज पसरतो, कारण तिचे अनुकरण करायला कुणालाच काही करावे लागत नाही.

वीस वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार टाकला आणि स्वतःच्या आईच्या घरी जाऊन राहणे त्यांना दुरापास्त झाले. कर्वे बुद्धीने किंवा अधिकाराने रानड्यांपेक्षा मोठे नव्हते. मग त्यांना हे का जमले, याचा विचार करताना मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गोदूबाई त्यांच्या जवळच्या मित्राची बहीण होती आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये सुरू केलेल्या शारदा सदनात ती शिकलेली होती. म्हणजे कर्व्यांनी पाऊल टाकले तेव्हा त्यांच्या आजूबाजूला तीन-चार माणसे अशी होती, ज्यांना हे पाऊल वेडेपणाचे वाटत नव्हते. अण्णासाहेब कर्व्यांचे धैर्य थोर होतेच. त्याला लागलेला हा आजूबाजूचा आधार मात्र आपण सांगत नाही, आणि त्यामुळे धैर्य ही एकट्या माणसाच्या छातीत जन्मणारी गोष्ट आहे, असा चुकीचा समज पसरतो. माझाही तोच समज होता, म्हणून मी ते येण्याची वाट पाहत सहा-सात महिने घालवले.

माझी भीती गेली ती एका संध्याकाळी भाकरी करताना. आत्या चुलीपाशी बसल्या होत्या. परिपत्रक, नदीवरचा प्रसंग, आणि शेवटी स्वतःच्या कुंकवाबद्दलची ती लाज वाटावी अशी भीतीसुद्धा मी त्यांना सांगून टाकली. जिच्या कपाळाला बावीस वर्षे कुंकू नाही, तिच्यासमोर हे बोलताना जीभ जड झाली होती. आत्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मला आता ह्या वयात कुकू लावू नगंस, मला त्ये सोसायचं न्हाई. पर त्या पोरीगत पुन्हा कुणाचं झालं, तर मी त्यांच्या म्होरं हुबी ऱ्हाईन.” मी त्यांच्याकडून विरोधाची अपेक्षा केली होती आणि मनातल्या मनात फार तर पाठिंब्याची आशा. त्यांनी जे सांगितले ते या दोन्हींत बसत नव्हते. बावीस वर्षे ज्या घरात आम्ही एकत्र राहिलो त्या घरात हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता, आणि न विचारताच त्यांचे उत्तर ठरवून मोकळी झाले होते. थोरल्या दिरांकडे गेले तेव्हा ते नाराज झाले, पण त्यांनी अडवले नाही. ते माझ्याइतकेच भावकीला घाबरत होते आणि भावकीतले इतर जण त्यांना घाबरत होते.

२६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घेतली. तिथे आत्यांनी अनुमोदन द्यायचे ठरले आणि ग्रामसभेत ठराव मंजूर झाला. टाळ्या वाजल्या, छायाचित्रे निघाली. आपल्या आढाव्यात वर्णन केलेले गाव त्या दिवशी आमचेच होते. दोनच दिवसांनी रथसप्तमी होती. मी घरी हळदीकुंकू ठेवले आणि गावातील सतरा विधवा बायकांना स्वतः घरोघर जाऊन बोलावले. पाच आल्या. पहिलीच्या कपाळाला कुंकू लावताना माझा हात कापला, आणि तो तिला दिसला. ती मला म्हणाली, “वहिनी, घाबरू नका.” आत्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी कुंकू घेतले नाही, वाण घेतले.

यानंतर गाव बदलले, असे मला सांगता आले असते तर बरे वाटले असते. त्या उन्हाळ्यात गावात तीन पुरुषांचे निधन झाले आणि तिन्ही वेळा जुन्याच रीतीने सारे पार पडले. मी दोन ठिकाणी गेले, बोलले, आणि घरच्यांनी हात जोडून मला बाजूला केले. बायका माझ्या हळदीकुंकवाबद्दल काय बोलतात हे कानावर येत होते: “सरपंचबाईंचं ठीक आहे, त्यांना कोण बोलणार?” या वाक्याने मी दुखावले, आणि नंतर मला ते पटले. माझ्या मागे पद होते, शेती होती, वाडा होता. मी केलेल्या कृतीवरून हे माझ्यासारखीला परवडते एवढेच त्यांना कळले होते. आपल्यालाही ते परवडेल, हे त्यावरून कळण्याचा काही मार्ग नव्हता.

खरा फरक पडला तो पुढच्या संक्रांतीला, आणि त्याचे श्रेय माझे नाही. खालच्या आळीतील एका शेतमजूर बाईने स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरात हळदीकुंकू ठेवले आणि आपल्या बचत गटातील तीन विधवा बायकांना बोलावले. त्या तिघी दर आठवड्याला तिच्याबरोबर बसत होत्या, हप्ते भरत होत्या, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहत होत्या. त्या आल्या. मग त्याच गटातल्या दुसऱ्या बाईने पुढच्या शुक्रवारी बोलावले, मग शेजारच्या गटाने. त्या आळीत त्या वर्षी एक निधन झाले तेव्हा मंगळसूत्राला कुणी हात लावला नाही, आणि मी त्या वेळी गावातही नव्हते. उलट वरच्या वस्तीवर, जिथे मी सर्वांत जास्त भाषणे केली होती आणि जिथे बचत गट केवळ कागदावर होते, तिथे काहीही बदलले नव्हते.

माझी मुलगी कोल्हापूरला समाजशास्त्र शिकते. हे असे का झाले, हे तिने मला समजावून सांगितले, आणि ते मला इतके उपयोगी वाटले की इथे थोडक्यात मांडते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये असा विचार मांडला की कोणतीही जोखमीची गोष्ट करण्यापूर्वी प्रत्येक माणूस आपल्या आधी किती जणांनी ती केली आहे ते पाहतो, आणि हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. शंभर घरांचे गाव घ्या. एक घर कुणाचीही वाट न पाहता पुढे येते, दुसरे एकाने केलेले पाहून येते, तिसरे दोघांचे पाहून, आणि असे करत शंभरही घरे येतात. आता त्याच गावातले फक्त दुसरे घर जरा अधिक भित्रे आहे असे समजा, म्हणजे त्याला एकाऐवजी दोघांचे उदाहरण हवे आहे. पहिले घर पुढे येते आणि साखळी तिथेच तुटते. दोन्ही गावांतली माणसे जवळजवळ तीच, पण बाहेरून पाहणारा एका गावाला पुरोगामी म्हणेल आणि दुसऱ्याला मागासलेले. संपादक महोदय, आपल्या आढाव्यात ज्या गावांवर ढोंगाचा शिक्का बसला आहे त्यांतली काही गावे अशी एका घरासाठी अडलेली असतील, हा विचार आपण करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक प्रयोग तिने सांगितला. १९५० च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने काही तरुणांना रेषांची लांबी ओळखायला सांगितली. खोलीतले बाकीचे सगळे त्याचेच शिकवलेले होते आणि ते ठरवून चुकीचे उत्तर देत होते. समोर स्पष्ट दिसत असूनही प्रयोगातील माणसांची सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या घोळक्यासारखी चुकीची आली. त्या घोळक्यातल्या एकाच माणसाने खरे उत्तर द्यायचे ठरवले, की हे प्रमाण एकदम कोसळत असे. हे ऐकताना मला ती नदीवरची नणंद आठवली. तिला माझ्याकडून भाषण नको होते. तिला आपल्या बाजूला एक माणूस हवा होता.

डेमन सेंटोला या संशोधकाने २०१० मध्ये दाखवून दिले की अनुकरणाने पसरणाऱ्या सवयी दूरवर विखुरलेल्या ओळखींपेक्षा एकमेकांत घट्ट विणलेल्या छोट्या वर्तुळांत अधिक पसरतात. बातमी एका तोंडून ऐकली तरी पुरते. ज्या गोष्टीसाठी नावे ठेवली जाण्याचा धोका असतो, ती मात्र आपल्या ओळखीच्या तिघी-चौघींनी केलेली दिसावी लागते. आमच्या खालच्या आळीतला बचत गट असे वर्तुळ होता आणि माझे ग्रामपंचायतीचे ध्वनिक्षेपक तसे नव्हते, एवढाच या सगळ्याचा अर्थ आहे.

भीतीसुद्धा याच वाटेने पसरते, हे मला अतिशय दुःखाने सांगावे लागते. कार्तिकातल्या त्या दिवशी मी नदीवर मान खाली घातली, ती पन्नास-साठ बायकांनी पाहिली. पुढे दीड-दोन वर्षे, कुणाच्याही घरी हा विषय काढला की कुणीतरी म्हणत असे, “तवा सरपंचबाई बी गप्पच हुत्या की.” माझा ठराव लोक विसरले, माझे हळदीकुंकू माझ्या पदाच्या खाती जमा झाले, पण ते गप्प राहणे सगळ्यांच्या लक्षात राहिले.

हे चांगले ठाऊक असलेला राजा कोल्हापुरात होऊन गेला, तो म्हणजे राजर्षी शाहू महाराज. त्यांनी १९१७ मध्ये पुनर्विवाहाचा कायदा केला. दुसऱ्या वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी अपघातात गेले, तेव्हा विधवा झालेल्या लहानग्या स्नुषेला, इंदुमतीदेवींना, वाड्यातल्या कोपऱ्यात बसू न देता त्यांच्या शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था केली. कायदा प्रजेसाठी आणि रीत घरासाठी, अशी वाटणी त्यांनी केली नाही. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या माणसाला त्यांनी चहाचे हॉटेल काढून दिले आणि भर रस्त्यावर गाडी थांबवून ते स्वतः तिथला चहा घेत आणि बरोबरच्यांनाही देत, ही आठवण कोल्हापुरात आजही सांगितली जाते. मला त्यातली ‘बरोबरच्यांनाही’ ही गोष्ट फार मोलाची वाटते. राजाने एकट्याने चहा घेतला असता तर ‘राजाचे ठीक आहे’ असेच लोक म्हणाले असते. बरोबरच्यांच्या हातात तो पेला गेला तेव्हा रस्त्यावरून पाहणाऱ्याला आपल्यासारखा कुणीतरी तो पिताना दिसला. सरपंचाकडे राजाचा अधिकार नसतो, त्यामुळे दुसऱ्याच्या हातात पेला देणे त्याच्या हुकमाने होणार नाही. ते मैत्रीने आणि शेजाराने करावे लागेल.

यातून काही मागण्या निघतात. सरपंचांना मिळणाऱ्या प्रशिक्षणात आराखडा, अंदाजपत्रक आणि संगणकावरच्या नोंदी शिकवल्या जातात आणि त्या आवश्यकच आहेत, पण पाच वर्षांत मला एकाही प्रशिक्षणात कुणी विचारले नाही की तुम्हाला कशाची भीती वाटते. महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा २०११ पासून महिलांसाठी राखीव आहेत. त्या जागांवर बसलेल्या बहुतेक बायकांच्या भीतीचा पत्ता घरातच आहे, हे प्रशिक्षकांनाही ठाऊक असते. ज्या सरपंचांनी हे निभावले आहे अशा दोघी-तिघींना नव्या सरपंचाबरोबर एक दिवस चुलीपाशी बसवले, तर त्याचा उपयोग दहा व्याख्यानांपेक्षा अधिक होईल. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे आणि त्याचा धाक गावावर बसतोही. घरातल्या माणसाच्या नाराजीवर मात्र कायदा चालत नाही, तिथे बोलावेच लागते.

दुसरे असे की ही गोष्ट नदीकाठावर ठरवण्याची नाही. दुःखाने बधिर झालेल्या बाईला आणि तिच्या घरच्यांना त्या क्षणी पुरोगामी होण्याचा आग्रह धरणे क्रूरपणाचे आहे. मी तसा आग्रह दोनदा धरला, आणि त्याचे मला वाईट वाटते. नवऱ्याने हयात असतानाच, धडधाकट असतानाच, आपल्या मागे पत्नीच्या बाबतीत यातले काही करू नये, असे घरात सांगून आणि लिहून ठेवावे. या चळवळीतील काही कार्यकर्त्यांनी तसे प्रतिज्ञापत्र करून दाखवलेही आहे. पुरुषांनी हे काम अंगावर घेतले, तर बायकांच्या वाट्याला येणारी निम्मी भीती कमी होईल. माझ्या पतीने ते लिहून दिले त्या दिवशी माझ्या मनातली कुंकवाबद्दलची भीती उरली होती तीही गेली.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. ठराव करणाऱ्या सरपंचाचे छायाचित्र छापू नका असे मी म्हणत नाही, पण वर्षभराने पुन्हा त्या गावात वार्ताहर पाठवा आणि त्याला सरपंचाच्या घरी न नेता दुसऱ्या घरी न्या, जिथे पदाचे पाठबळ नसताना कुणीतरी ते पाऊल उचलले असेल. त्या घराने ते कसे केले, बरोबर कोण होते, कोण काय बोलले, हे त्यांच्या परवानगीने छापा. ते वाचून तिसरे घर तयार होईल.

नदीवरच्या त्या तरुणीकडे मी ठरावानंतर गेले होते. मी तिची माफी मागितली. तिने पाणी दिले आणि ती काही बोलली नाही. गेल्या तीन संक्रांतींना मी तिला बोलावले आहे. ती माझ्याकडे आलेली नाही. खालच्या आळीत मात्र ती जाते. गेल्या वर्षी तिथे तिने दुसऱ्या एकीला कुंकू लावले, असे मला कळले.

कळावे,

आपली विश्वासू,
एक माजी सरपंच
जिल्हा सांगली